बॅले नर्तकीचं जुनं चित्र वाटणीत आलंय, किंमत कशी लावायची? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

सासरे देवळाली कॅम्पात बंगल्यांच्या फर्निचरला पॉलिश करायचे. एका पारशी कुटुंबाने बंगला रिकामा करताना थकलेल्या मजुरीपोटी त्यांना हे चित्र दिलं. तेव्हापासून ते आमच्या पंचवटीतल्या घरात जिन्याच्या भिंतीवर आहे. आता वाटण्या चालू आहेत. भांडीकुंडी, सोनं, सगळं मार्गी लागलं आणि गाडी या चित्रावर अडली. दिरांनी फोटो टाकून नेटवर शोधलं, 'डेगास' (बॅले नर्तकींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार) आलं, झालं, आता ते लाखांत बोलतायत. मेन रोडचा फ्रेमवाला म्हणाला, "प्रिंट आहे ताई, फ्रेमचेच काय ते पैसे."

मला दोन्ही पटत नाही. चित्र साधारण १८ बाय २४ इंच, काचेखाली. मुलगी वाकून बुटाची फीत बांधतेय, चेहरा दिसत नाही. झग्याचा घेर म्हणजे नुसते पांढरे-गुलाबी फराटे, खांद्यावर चक्क हिरवट रेघा. (जवळून विचित्र, चार पायऱ्या खाली उतरून बघितलं की सावली वाटते.) भिंगातून छपाईचे ठिपके कुठेच दिसले नाहीत. आणि काचेच्या आतल्या बाजूला, बरोबर झग्यासमोर, पिठासारखी गुलाबी भुकटी बसलीय. पेस्टल असावं ना?

कोपऱ्यात इंग्रजीत एम. के. आणि ६२. देगा (शेवटचा एस मुका) १९१७ सालीच गेले, म्हणून माझ्यापुरता विषय संपला. दीर म्हणतात, १८६२ कशावरून नाही?

विकायचं नाहीये. वाटणीपुरता सगळ्यांना मान्य होईल असा आकडा कोण देईल? खालच्या कडेला बुरशीचे तपकिरी ठिपके आहेत, ते मी पुसू का?

प्रतिसाद १:
ताई, पुसू नका आणि फ्रेमही उघडू नका! पेस्टल म्हणजे कागदावर अडकलेली भुकटीच, फडकं लागलं की झगा फडक्यावर. काच चित्राला टेकलेली दिसते. मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून अंतर ठेवायला हवं होतं. ते काम आणि बुरशी, दोन्हीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा. पंचवटी एक्स्प्रेसने नेलंत तर आडवं, चित्राची बाजू वर ठेवून न्या.

दिरांना सांगा, १८६२ ला देगा नर्तकींकडे वळलेच नव्हते, ते १८६० च्या दशकाच्या शेवटी. आणि त्यांची आद्याक्षरं ई. डी. त्यांच्या पद्धतीने काढलेली चित्रं जगभर ढिगाने आहेत.

प्रतिसाद २:
आयकर खात्याच्या नोंदणीकृत व्हॅल्युअरांमध्ये कलाकृतींचा वेगळा वर्ग असतो, त्यातला माणूस गाठा. 'कौटुंबिक वाटणीसाठी, आजची विक्री किंमत' असं लेखी मागा. विम्याची किंमत बहुधा जास्त निघते, ती धरलीत तर चित्र घेणाऱ्यावर अन्याय. आधी सही, मागची बाजू आणि पूर्ण चित्र असे फोटो एखाद्या लिलावगृहाला पाठवून बघा. एम. के. कोण ते कळलं नाही तर शोभेच्या चित्राचाच भाव येईल, ही तयारी ठेवा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. फडकं ठेवून दिलं. दीर व्हॅल्युअरला तयार झालेत, पण त्याची फी कोणी भरायची यावर आता नणंदेचा फोन आलाय.