मदत हवी आहे: कॅड-कॅमसाठी वर्कस्टेशन कोणतं घेऊ? (लवकर सांगा, सोमवारी ऑर्डर टाकायची आहे)

रबाळे_गाळा
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा टूलरूमचा गाळा आहे, प्लास्टिक मोल्डच्या कोअर-कॅव्हिटी (साच्याचे आतले-बाहेरचे भाग) करतो. आताचा कॉम्प्युटर पार झोपलाय. मोठा जॉब लावला की अर्धा दिवस गेलाच. दीड लाखापर्यंत तयारी आहे. डीलर दोन कोटेशनं घेऊन मागे लागलाय, एकात आय-९ आहे, दुसऱ्यात झिऑन. कुठलं घेऊ? थिअरी नको, सरळ मॉडेल सांगा.

नौपाडा_काका
सॉफ्टवेअर कुठलं? आताचा कॉम्प्युटर कुठला? अर्धा दिवस नक्की कशात जातो: मॉडेल उघडायला, टूलपाथ (टूल फिरायचा मार्ग) काढायला, की सिम्युलेशनला? दीड लाख जीएसटी धरून की वगळून? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून बसल्यासारखं झालं हे.

गेमर_ऐरोली
आरटीएक्स ५०७० ग्राफिक कार्ड टाका भाऊ, बाकी काहीही चालेल. मी ४के वर सगळं अल्ट्रावर खेळतो, कॅड म्हणजे काय मोठं.

वागळे_टूलरूम
रबाळेवाले, वरच्याचं अजिबात ऐकू नका. सॉलिडवर्क्स असेल तर त्यांच्या यादीतलं सर्टिफाइड कार्डच घ्या. गेमिंग कार्डावर रिअलव्ह्यूचं बटणच उजळत नाही. आरटीएक्स ए-२००० किंवा नवीन आरटीएक्स २००० एडा, ७० वॉटमध्ये भागतं, वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नाही.

गेमर_ऐरोली
रिअलव्ह्यू म्हणजे मॉडेल चकचकीत दिसायचं बटण. त्यांना कॅव्हिटी कापायची आहे की लग्नाचा अल्बम करायचाय?

वागळे_टूलरूम
प्रश्न चकचकीत दिसण्याचा नाही, ड्रायव्हरचा आहे. मोठ्या असेंब्लीत सेक्शन घेताना कडा गायब व्हायला लागल्या की कळेल. सपोर्टला फोन केला तर पहिला प्रश्न असतो, कार्ड यादीत आहे का.

रबाळे_गाळा
मॉडेलला सॉलिडवर्क्स आणि टूलपाथला मास्टरकॅम. व्हर्जनचं विचारू नका. कॉम्प्युटर आय-७ आहे, १६ जीबी रॅम. ग्राफिक कार्ड आहे. मॉनिटर आहे. जीएसटीचा इनपुट मिळतो, वगळून धरा. झालं? आता मॉडेल सांगा.

कोपरखैरणे_पाचअक्षी
आय-७ कुठल्या पिढीचा? ते नाव २००८ पासून चालू आहे. "धिस पीसी"वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे आकडा असतो. हार्ड डिस्क आहे की एसएसडी? आणि फाइल लोकल ड्राइव्हवरून उघडता की ऑफिसच्या शेअर फोल्डरवरून?

सीवूड्स_आई
मध्येच विचारते, क्षमस्व. मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय. मॅकबुक घेऊ का विंडोज? ती मॅकच म्हणतेय.

नौपाडा_काका
ताई, वेगळा धागा काढा ना. बरं, थोडक्यात: रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं. मॅक घेतला की दुसऱ्या वर्षापासून मैत्रिणीचा लॅपटॉप मागत बसावं लागेल.

रिफर्ब_किंग
नवीन घेऊच नका! दीड लाखात माझ्यासारख्याची तीन मशीन होतात. जुनं ब्रँडेड वर्कस्टेशन घ्या, झिऑन ई५-२६८० व्ही४, १४ कोअर, ६४ जीबी ईसीसी रॅम. लोखंडासारखी बॉडी. लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात, रविवार सोडून कधीही जा. मी स्वतः तीन वर्षं वापरतोय, एकदाही बंद पडलं नाही.

कोपरखैरणे_पाचअक्षी
तुम्ही त्यावर काय चालवता?

रिफर्ब_किंग
टॅली आणि थोडं ऑटोकॅड.

कोपरखैरणे_पाचअक्षी
बरं. त्या प्रोसेसरचा टर्बो (कमाल वेग) ३.३ गीगाहर्ट्झच्या वर जात नाही. सॉलिडवर्क्सचं रिबिल्ड (मॉडेल पुन्हा बांधणं) एकामागून एक फीचर सोडवत जातं, आधीचा फिलेट झाल्याशिवाय पुढचा शेल होत नाही. तिथे १४ कोअरपैकी १३ जण बाकावर बसून बघतात. शिवाय त्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टॅलीला उत्तम मशीन आहे, वाद नाही.

रबाळे_गाळा
आय-७ ७७०० लिहिलंय. सी ड्राइव्ह एसएसडी, जॉबच्या फाइली डी ड्राइव्हवर, ती साधी हार्ड डिस्क. काही फाइली पार्टी पेनड्राइव्हवर देते, त्या तिथूनच उघडतो. पण हे सगळं जुनं जाणारच आहे, त्याची चौकशी कशाला?

नौपाडा_काका
कारण दुखणं कुठे आहे ते न बघता दीड लाख टाकले तर नव्या मशीनवर तेच दुखणं येईल. दोन मिनिटांचं काम आहे. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. मोठा जॉब लावा आणि टक्के बघा. तुमच्या प्रोसेसरला चार कोअर, आठ थ्रेड. १२-१३ टक्क्यांवर अडकला असेल तर एकच थ्रेड राबतोय. मग जास्त कोअर घेऊन शून्य फायदा, जास्त वेगाचा कोअर हवा. सगळे आठ भरले असतील तर कोअर वाढवून फायदा आहे. आणि तापमान बघा, एचडब्ल्यूमॉनिटर फुकट आहे.

ठाणे_पूर्व_संदेश
रबाळेला पॉवरचे झटके बसतात का? आमच्याकडे वागळेला दुपारी बसतात. आधी चांगला ऑनलाइन यूपीएस घ्या, मग कॉम्प्युटर.

वागळे_टूलरूम
वागळेला झटके? माझ्या गल्लीत नाही बसत. तुमच्या शेजारी कोणी मोठं वेल्डिंग करतं का बघा.

रबाळे_गाळा
बघितलं. मॉडेल रिबिल्डला १३ टक्के. मास्टरकॅममध्ये फिनिशिंगचा टूलपाथ रिजनरेट करताना ८०-९० टक्के. तापमान १००. सारखं १०० च दाखवतंय, हलत नाही.

नौपाडा_काका
थांबा. १०० ही त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. क्लॉक (चालू वेग, गीगाहर्ट्झमध्ये) किती दाखवतोय? कॅबिनेट कुठे ठेवलंय? बाजूची प्लेट काढून बघा.

रबाळे_गाळा
क्लॉक १.५ च्या आसपास. कॅबिनेट व्हीएमसीच्या (मिलिंग मशीनच्या) शेजारी टेबलाखाली. प्लेट काढली. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पट्ट्या दिसतच नाहीत, मध्ये काळा चिकट थर बसलाय, बोट लावलं तर बोटाला वंगणासारखं लागतं. पंख्याच्या पात्यांच्या कडेला तेलाचे थेंब धरलेत.

वागळे_टूलरूम
कूलंटचा धूर आणि धूळ. ईडीएमचे (ठिणगीने कापायच्या मशीनचे) इलेक्ट्रोड तांब्याचे करता की ग्रॅफाइटचे?

रबाळे_गाळा
दोन्ही.

वागळे_टूलरूम
मग नवा दीड लाखाचा डबा त्या टेबलाखाली ठेवूच नका. ग्रॅफाइटच्या भुकटीतून वीज जाते. मदरबोर्डावर बसली की कधी शॉर्ट होईल सांगता येत नाही. काचेची केबिन करा, नाहीतर पोटमाळ्यावर न्या. आणि कंप्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यात पाणी असतं आणि पंखा सुसाट फिरून खराब होतो. पंखा हाताने धरून, ब्रशने काढा. थर्मल पेस्ट नवी लावा.

भांडुप_मेकॅनिकल
माझ्या भाच्याने संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून कोर्स केला. त्यांना हे सगळं शिकवतात. मुलांना तिकडे पाठवा, नोकरी हमखास.

रबाळे_गाळा
साफ केलं. ७२ ला आलं, क्लॉक ४ च्या जवळ राहतोय. फरक आहे, पण मोठ्या कॅव्हिटीला अजूनही दीड तास लागतोच. आणि ते मशीनवर थांबत थांबत कापणं आहे, ते नव्या कॉम्प्युटरने जाईल ना? मुख्य त्रास तर तोच आहे, फिनिशिंगला टूल अडखळतं आणि सरफेसवर डाग पडतात.

कोपरखैरणे_पाचअक्षी
हे आत्ता सांगताय?

प्रोग्राम मशीनला कसा देता? कंट्रोलर (मशीन चालवणारा डबा) कुठला?

रबाळे_गाळा
फानुक झिरो-आय, सी सिरीज. कॉम्प्युटरवरून केबल लावून डीएनसी, म्हणजे प्रोग्राम थोडा थोडा सोडत कापतो. मशीनची मेमरी छोटी आहे, प्रोग्राम मावत नाही. बॉड रेट ९६००.

कोपरखैरणे_पाचअक्षी
हिशेब करा. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला फार तर ९६० अक्षरं, फानुकच्या सेटिंगमध्ये त्याहूनही कमी. तुमच्या फिनिशिंगची एक ओळ, एक्स-वाय-झेड धरून, साधारण २२ अक्षरांची. म्हणजे सेकंदाला ४० ओळी. दोन पॉइंटमध्ये ०.१ मिमी अंतर असेल तर सेकंदाला ४ मिमी, मिनिटाला २४० मिमी. तुम्ही फीड (टूलचा वेग, मिनिटाला मिमी) किती दिलाय?

रबाळे_गाळा
२०००.

कोपरखैरणे_पाचअक्षी
मशीन २००० ने धावायला तयार आहे आणि केबल २४० चाच माल पुरवतेय. टूल पुढच्या ओळीची वाट बघत जागेवर घासत उभं राहतं, तोच तुमचा डाग. या जागी नासाचा कॉम्प्युटर लावलात तरी केबल तीच.

गेमर_ऐरोली
मग यूएसबी ३.० ची केबल लावा ना, वेग वाढेल.

कोपरखैरणे_पाचअक्षी
यूएसबीकडून कितीही वेगाने आलं तरी पलीकडे आरएस-२३२, म्हणजे तोच जुना सिरियल पोर्ट आहे दादा. कंट्रोलर ज्या वेगाने घेतो त्याच वेगाने घेणार.

रबाळेवाले, स्क्रीनच्या बाजूला झाकण असलेली एक खाच दिसते का? तिच्यात पीसीएमसीआयए अडॅप्टर टाकून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसतं. २ जीबीच्या आतलं कार्ड घ्या, मोठी कार्डं जुना कंट्रोलर ओळखत नाही. कंट्रोलरच्या सेटिंगमधल्या पॅरामीटर २० मध्ये ४ टाका, १३८ चा बिट #७ (० पासून मोजून) १ करा, मग डीएनसी थेट कार्डावरून चालतं. केबलची गरजच संपली.

आणि टॉलरन्स (टूलपाथ मॉडेलपासून किती हललेला चालेल) किती ठेवलाय?

रबाळे_गाळा
०.००१ मिमी. पार्टीला फिनिश चांगला लागतो.

वागळे_टूलरूम
पॉलिश करणार आहात ना नंतर? ईडीएम टेक्स्चर येणार आहे का? तसं असेल तर एक मायक्रॉन कशाला. रफिंगला ०.०५, सेमीला ०.०२, फिनिशला ०.००५ ठेवून एक तुकडा कापून बघा. आर्क फिल्टर चालू करा, शेकडो छोट्या रेघांच्या जागी एक जी-०२ (कमानीची एक ओळ) बसतो. फाइलही लहान होते आणि रिजनरेटचा वेळही उतरतो. मास्टरकॅमच्या मल्टि-थ्रेडिंग मॅनेजरमध्ये टाकलं की मागे गणित चालू राहतं, तोवर तुम्ही पुढच्या प्लेटचं काम करा.

नौपाडा_काका
आणि पेनड्राइव्हवरून फाइल उघडणं आजपासून बंद. आधी एसएसडीवर कॉपी, मग उघडा.

रिफर्ब_किंग
म्हणजे नवीन घ्यायची गरजच नाही! मी तेच सांगत होतो.

नौपाडा_काका
तुम्ही ते सांगत नव्हतात.

घ्यायला हवंच, विंडोज ११ साठी ७७०० अधिकृत यादीत नाही. पण घाईने नको. माझं मत: ८ ते १२ वेगवान (परफॉर्मन्स) कोअर, पण एका कोअरचा वेग जास्त. रायझन ९ ९९००एक्स घ्या नाहीतर कोअर अल्ट्रा ७ २६५के. डीलरचा तो आय-९ तेराव्या-चौदाव्या पिढीचा असेल तर बोर्डाचं बायोस नवं आहे का बघून घ्या. त्या पिढ्यांत व्होल्टेजमुळे प्रोसेसर अस्थिर व्हायचे, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोसमधून येणारी दुरुस्ती) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. रॅम ३२ जीबी, पण दोनच कांड्या, म्हणजे पुढे वाढवता येईल. रॅम महाग झालीय, ६४ वर आज पैसे घालू नका. १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. विंडोज प्रो, होम नाही. सॉलिडवर्क्स होमला सपोर्ट देत नाही.

वागळे_टूलरूम
कार्ड आरटीएक्स ए-१००० पण पुरेल त्यांना. मी ए-२००० वर आग्रह सोडला, कोअर-कॅव्हिटीला एवढं लागत नाही. पण ब्रँडेड घ्या, तीन वर्षं ऑनसाइटवालं. असेंबल्ड बंद पडलं की रॅमवाला बोर्डवाल्याकडे बोट दाखवतो.

नौपाडा_काका
ब्रँडेडमध्ये त्याच पैशात प्रोसेसर एक पायरी खाली येतो. मी असेंबल्डच म्हणेन, ओळखीचा माणूस असेल तर.

वागळे_टूलरूम
आणि ओळखीचा माणूस गावाला गेला तर?

गेमर_ऐरोली
मी असेंबल करून देतो, ऐरोलीतच आहे. ५०७० टाकून.

रबाळे_गाळा
ऑर्डर पुढच्या आठवड्यावर ढकलली. खाच आहे, झाकणाखाली होती, कोणी उघडलीच नव्हती. कार्ड आणि अडॅप्टर मागवले. पण पॅरामीटर बदलायला गेलो तर "राइट प्रोटेक्ट" म्हणतंय. सेटर (मशीनवर जॉब लावणारा) म्हणतो हात लावू नका, सर्व्हिस इंजिनिअर बोलवा.

कोपरखैरणे_पाचअक्षी
एमडीआय मोडमध्ये जा, सेटिंग पेजवर "पॅरामीटर राइट" १ करा. अलार्म १०० येईल, घाबरू नका, तो यायचाच असतो. बदल करून परत ० करा आणि रिसेट मारा. पण त्याआधी सगळे पॅरामीटर कार्डावर काढून घ्या आणि २० व १३८ चे जुने आकडे कागदावर लिहून ठेवा. पहिला प्रोग्राम झेड ५० मिमी वर उचलून, हवेतच चालवा. सेटरला शेजारी उभं करा, त्याचा हात फीड होल्डवर (टूल थांबवायच्या बटणावर) राहू दे.