महिन्याला शंभर रुपये : व्हॉट्सॲपच्या गटातून वर्गणी टिकवावी कशी?

बालाघाटकर (ता. केज, जि. बीड)

आमच्या दहावीच्या १९९९ सालच्या तुकडीचा व्हॉट्सॲपवर ८३ जणांचा गट आहे. निम्मे पुण्या-मुंबईकडे नोकरीला आहेत, निम्मे गावात शेती करतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, तेव्हा आजी-आजोबांजवळ मागे राहिलेल्या ११ मुलांच्या वह्या, स्वेटर आणि शिकवणी यांचा खर्च गटाने उचलावा, प्रत्येकाने महिन्याला १०० रुपये द्यावेत, असे ठरले. पहिल्या महिन्यात ५,९०० रुपये जमले, दुसऱ्या महिन्यात ३,१०० आणि पौषात १,४००. आठवण करून दिली की हात जोडल्याची चिन्हे भरभरून येतात, पैसे येत नाहीत. देणाऱ्यांची नावे दरमहा गटावर टाकावीत, म्हणजे बाकीचे ओशाळून देतील, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण दुसरा उपायही सुचत नाही. ज्यांनी असे काम दोन-तीन वर्षे चालवले आहे त्यांनी अनुभव सांगावा.

गोदाकाठ (परभणी)

नावांची यादी टाकू नका. आम्ही ती चूक केली आहे. त्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलेला आमचा एक मित्र, सलग तीन महिने यादीत नाव नाही म्हणून, कोणाला काही न सांगता गटातून बाहेर पडला. पुढे लग्नाची पत्रिका द्यायला त्याच्या घरी गेलो, तेव्हा चहाचा कप पुढे सरकवत तो एवढेच म्हणाला, "तुमच्या यादीत बसायला माझ्या मालाला भाव नाही."

तेव्हा लक्षात आले की "महिन्याला" हा शब्दच पगारदाराचा आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा महिन्याने येत नाही; सोयाबीन आडतीवर गेले की येतो, नंतर कापूस आणि तूर विकली की येतो. आपल्याकडे बलुतेदाराचे माप खळ्यावर घालीत, दर महिन्याला नव्हे, यात मोठा व्यवहार होता. त्यामुळे आता आमच्याकडे पगारदार वर्षाचे १,२०० एकदम देतात आणि गावातले सुगीला, जमेल तेवढे देतात. कोणी ज्वारीचे पोते देतो, ते विकून रक्कम जमा होते. शिवाय मागणीच्या आधी हिशोब टाकायचा, हा नियम आम्ही कधी मोडत नाही. दुकानदाराच्या बिलाचा फोटो, शिल्लक किती आणि पुढे काय घ्यायचे आहे, एवढ्या तीन ओळी पुरतात. भावनेचा मजकूर लिहायला जावे तर गटात पुढच्या दहा मिनिटांत सुविचार सुरू होतात.

मांजराकाठ (लातूर)

अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एकच पैसा मागून पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. तेव्हा रक्कम लहान असणे ही अडचण नव्हे. अडचण आहे ती पैसा कोणाच्या खात्यात येतो याची. एकाच मित्राच्या वैयक्तिक खात्यात वर्गणी घेऊ नका. दोघांच्या नावे वेगळे बचत खाते काढा आणि त्याचाच क्यूआर कोड वापरा. आमच्या आवाहनाचा मजकूर गटाबाहेर गेला आणि कोणीतरी त्यातला कोड बदलून तो पुढे पाठवला. किती जणांचे पैसे भलतीकडे गेले ते कळलेच नाही, बोलणी मात्र आम्ही खाल्ली. तेव्हापासून गटाबाहेर कोड जाऊ देत नाही.

दुसरे असे की, मित्रांपुरते ठीक. पण अनोळखी लोकांकडून मागू लागलात तर धर्मादाय कार्यालयाचा प्रश्न येतो. गणेश मंडळे वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ज्या कलम ४१ क खाली परवानगी काढतात, ते केवळ गणपतीपुरते नाही. काम वाढले तर नोंदणीकृत संस्थेमार्फतच करा. संस्थेला देणगीवरील आयकर सवलतीची मान्यता (८० जी म्हणून ओळखली जाते ती) असेल तर देणाऱ्याला करसवलतही मिळू शकते. मात्र २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही.

सीनाकाठची शिक्षिका (परंडा)

हिशोबाचे फोटो टाका, मुलांचे टाकू नका. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या भागात पूर आला, तेव्हा मदत खूप आली, काही ठिकाणी जुन्या कपड्यांचे ढीग नुसते पडून राहिले, आणि वह्या देताना प्रत्येक मुलाला कॅमेऱ्याकडे बघायला लावले गेले. माझ्या वर्गातील एका मुलाने मिळालेला निळा स्वेटर दोनच दिवस घातला. चुलतभावाच्या मोबाइलवर कोणाच्यातरी स्टेटसला त्याने स्वतःला पाहिले होते, खाली "गरजू विद्यार्थी" असे लिहिलेले. त्यानंतर थंडी वाढली तरी स्वेटर दप्तरातच राहिला.

बालाघाटकर दादा, आपण मुख्याध्यापकांकडून इयत्तेनुसार गरज लिहून घ्या आणि शाळेतच वाटप करा, म्हणजे कोणाला काय मिळाले याचा गावभर बोभाटा होत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह जवळपास सुरू असेल तर तेथे काय मिळते तेही आधी विचारा, नाहीतर त्याच वस्तू दोनदा जातील.

बालाघाटकर

सर्वांचे आभार. यादीचा विषय आजच बंद केला आणि गावातील मित्रांना तूर विकली जाईपर्यंत काही मागायचे नाही असे ठरवले. दोघांच्या नावे खात्याचा अर्ज सोमवारी देतो. पहिले बिल आज गटावर टाकणार होतो, परंतु दुकानदाराने त्यावर नुसते "वह्या – ४४" आणि खाली एकूण रक्कम लिहिली आहे. तेवढे चालेल का?

गोदाकाठ

दर आणि पाने लिहून घ्या. शंभर पानी की दोनशे पानी, हा प्रश्न तासाभरात येतोच.