मदत हवी आहे : १९७८च्या कॉर्व्हेटला कोणतं इंजिन बसवू?

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्याकडे १९७८ची शेव्हरोले कॉर्व्हेट आहे. मूळचं एल४८ इंजिन, ३५० क्युबिक इंच, १८५ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

गेल्या महिन्यात निळा धूर यायला लागला. कॉम्प्रेशन तपासलं तर बाकी सिलिंडर १४० पीएसआयच्या आसपास आणि सातवा जेमतेम ६०. हेड उतरवलं. सातव्याच्या भिंतीवर उभा ओरखडा आहे, नख अडकतं इतका खोल. पिस्टनवर ६० कोरलेलं दिसलं आणि पोटात गोळाच आला. म्हणजे आधीच्या मालकाने सिलिंडर साठ थाउ (०.०६० इंच) बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून घेतलेत. आता पुन्हा बोअर करायला जागाच नाही.

पर्याय तीन. त्या सिलिंडरला स्लीव्ह (आतून धातूची नळी) टाकून मूळ ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, वाचवायचा. नवं ३५०चं, २९० हॉर्सपॉवरचं क्रेट इंजिन (खोक्यात तयार मिळणारं) घ्यायचं; कार्ब्युरेटर, माउंट सगळं जुनंच चालेल. किंवा थेट शेव्हरोलेचंच नव्या पिढीचं एलएस३ इंजिन, ४३० हॉर्सपॉवर. पण मग हाय प्रेशर फ्युएल पंप, वायरिंग, ऑइल पॅन, माउंट, सगळंच बदला. शिवाय जुनं डिफरन्शियल तेवढी ताकद झेलेल का?

माझा कल क्रेटकडे आहे. ब्लॉकवरचा नंबर गाडीशी जुळतो, त्यामुळे तो विकणार नाही, तेल लावून गॅरेजमध्ये जपून ठेवेन.

ज्यांनी सी३ (माझ्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या कॉर्व्हेट) मध्ये एलएस बसवलंय, त्यांनी एकूण खर्च किती आला ते प्लीज सांगा. आणि साठ थाउच्या ब्लॉकला स्लीव्ह टाकून कुणाचं इंजिन टिकलंय का?