मदत हवी आहे : शवदाहिनी म्हणजे नक्की काय? (अर्जंट)

दारणाकाठ: पेंटर येऊन बसलाय. बोर्डावर 'शवदाहिनी' बरोबर आहे ना? एक शहाणा म्हणतो, दाहिनी म्हणजे उजवी, शब्द दक्षिणेवरून आलाय, कारण ती यमाची दिशा. खरं आहे का?

गोदामाई: बोर्ड लावायचाय कशावर? आत गॅसची, डिझेलची, विजेची भट्टी आहे की लाकडं लागतात?

शब्दवेल्हाळ: यमाला मध्ये आणू नका. हिंदी 'दाहिना' दक्षिणेचाच, प्राकृतात 'दाहिण'. आपली दाहिनी 'दह्' धातूची: दाह, त्याला 'इन्' प्रत्यय, मग स्त्रीलिंगी ई. जाळणारी. म्हणजे भट्टी, इमारत नव्हे. इंग्रजी 'क्रेमॅटोरियम'मध्ये (दहनाची जागा) लॅटिन 'क्रेमारे' म्हणजे जाळणे, आणि 'ओरियम' जागा दाखवतो. आपल्या शब्दात जागा नाहीच.

पंचवटीचा: कशाला एवढा कीस? पुण्यात वैकुंठ, नाशकात अमरधाम. तेच लिहा.

शब्दवेल्हाळ: ते नाव झालं. आत काय आहे ते त्यावरून कळतं का?

दारणाकाठ: अहो, लाकडंच. ओटा, वर पत्रा, मध्ये लोखंडी जाळीचा सांगाडा. गावात दुसरं काय असणार?

गोदामाई: हे आधी सांगायचं! मग 'स्मशानभूमी' आणि खाली बारीक 'दहनशेड'.

ठेकेदार_७७: सांगाड्यालाही टेंडरात शवदाहिनीच म्हणतात.

गोदामाई: सांगाड्याला म्हणा, शेडला नको. आणि जाळीखालची राख दर वेळी काढायला लावा. साचली की खालून हवा मिळत नाही, नुसता धूर होतो आणि लाकूड जास्त जातं.

चिकित्सक: बोर्डावर 'स्मशान' की 'श्मशान'? संस्कृतात श्मशान. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा यास्क 'श्म' म्हणजे शरीर धरून 'श्मशयन' (शरीर निजतं ती जागा) अशी फोड करतो, शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ 'शवान्न' (शव + अन्न) सांगतो. दोन्ही ओढूनताणून वाटतात. प्राकृतात मसाण, त्यातून आपलं मसण.

शब्दवेल्हाळ: मराठीत 'स्मशान'. बोर्ड मराठी आहे.

जनसेवक: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, नंतर विलंब शुल्क पडतं. अस्थी रामकुंडावर.

दारणाकाठ: कोणी गेलेलं नाहीये हो! बरं, 'स्मशानभूमी – दहनशेड' लिहायला सांगितलं. पेंटरकडे दुसऱ्या गावचाही बोर्ड आहे, तिथे विजेची भट्टी. 'विद्युत्' चा त पाय मोडून काढायचा का?

शब्दवेल्हाळ: नाही. संस्कृत संधी 'विद्युद्दाहिनी', पण ते वाचताना लोक अडखळतील. मराठीत 'विद्युतदाहिनी', पूर्ण त, सलग.