मदत हवी आहे: टीम पार गप्प झालीय, काय करता येईल?

त्रस्त_लीड
नमस्कार मंडळी. टीम आधी चांगली होती. आता मीटिंगमध्ये सगळे माना खाली घालून बसतात. दोघांनी राजीनामे दिले, तिसराही त्याच वाटेवर दिसतोय. मनोबल वाढवायला नक्की काय करावं? सोमवारच्या आत काहीतरी ठरवायचंय. "सकारात्मक राहा" छाप सल्ले कृपया नकोत.

बोका_बसलाय
काम कसलं? किती जण? तुम्ही साहेब की कर्मचारी? "आधी" म्हणजे कशाच्या आधी? निम्मी माहिती पोटातच ठेवलीत.

उत्साही_प्राणी
आउटिंग काढा! आमच्याकडे दर तिमाहीला नेतात. खेळ, बक्षिसं, फुल धमाल. परत आल्यावर माणसं वेगळीच असतात.

जुना_खेळाडू
दोन दिवस वेगळी असतात, तिसऱ्या दिवशी तीच. पगार वाढवा, बाकी सगळा देखावा.

त्रस्त_लीड
आउटिंग करून झालंय, निम्मे आलेच नाहीत. पगार माझ्या हातात नाही, मी टीम लीड आहे. आयडीतच लिहिलंय की.

बोका_बसलाय
आयडीत "त्रस्त"ही लिहिलंय, कारण कुठे लिहिलंय? तुमच्या वर कोण आहे? माणूस बदलला का?

त्रस्त_लीड
हो, नवे हेड आलेत. पण ते ओरडत वगैरे नाहीत. उलट फार शांत बोलतात, म्हणून ते लिहिलं नव्हतं.

बोका_बसलाय
हं. मग येऊन त्यांनी काय बदललं?

त्रस्त_लीड
सविस्तरच लिहिते. आम्ही विम्याच्या क्लेमच्या फायली तपासतो. कागद जुळत नसले किंवा आपल्याकडून चुकीचं पास झालं असं वाटलं, की ती फाइल एका कॉमन शीटवर टाकायची. शंका शीट म्हणायचो आम्ही तिला. जो मोकळा असेल तो शेजारच्या रकान्यात लिहायचा, "तारीख बघ, पॉलिसी आधीच संपलीय", नाहीतर "बरोबर आहे, जाऊ दे पुढे". नवीन पोरं त्यावरच शिकायची.

हेडनी पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये ती शीट पडद्यावर लावली आणि एकेका ओळीवर थांबून विचारलं, "ही कोणाची?" आवाज अजिबात न चढवता. ज्याची ओळ, तो उभा. पुढच्या आठवड्यात शीटवर जेमतेम दोन ओळी आल्या. आता ती कोरीच असते. हेड वर सांगतात, चुका शून्यावर आणल्या. वरचे खूश.

बोका_बसलाय
अहो ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं सोडून...

वाचनवेडी
अगदी असंच एक जुनं संशोधन आहे. एमी एडमंडसन १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीम कमी चुका करत असतील असा अंदाज होता, आकडे निघाले उलटे. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. जिथे प्रमुखाची धास्ती, तिथे कागद स्वच्छ. पुढे १९९९ मध्ये त्यांनी कामाच्या ठिकाणच्या मानसिक सुरक्षिततेवर, म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलून दाखवता येण्यावर, जो शोधनिबंध लिहिला, त्याचं मूळ यात आहे. तुमच्या हेडना कोरी शीट दिसतेय आणि ते तिला यश समजतायत.

जुना_खेळाडू
हे सगळं पुस्तकी. माणूस पैशासाठी येतो, पैशासाठी जातो.

वाचनवेडी
काका, पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो हे मान्यच. पण पगार दिला की कामात जीव ओततो असं होत नाही, हे मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गनी १९५९ मध्येच मांडलंय. आणि इथे पगार तोच आहे, बदललेत फक्त हेड.

जुना_खेळाडू
राजीनामा दिलेले दोघं कुठे गेले ते विचारा. जास्त पगारावरच गेले असणार.

त्रस्त_लीड
एक जास्त पगारावर गेला. दुसरी तेवढ्याच पगारावर.

शॉपफ्लोअर
कारखान्यातला माणूस आहे, आमच्याकडचं सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, मालाची बोंब. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत परत सुरू केला, कामगार बहुतांश जुनेच आणि युनियनही तीच. पण आता लाइनवर दोरी होती. अडलं की कामगाराने ओढायची, लीडर धावत येणार आणि आधी "काय अडलंय" हे बघणार. जुन्या काळात काही झालं तरी लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. गैरहजेरी थोड्याच काळात दोन-तीन टक्क्यांवर आली. तुमची शंका शीट ही तीच दोरी आहे. ओढणाऱ्याला उभं केलं, आता कोण ओढेल?

बोका_बसलाय
बाब्बौ. पण मग तीच पद्धत जनरल मोटर्सने बाकी कारखान्यांत का नाही नेली?

शॉपफ्लोअर
नेली की. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाईसच्या कारखान्यात प्रयत्न केला, फसला. दोऱ्या लावल्या, वरची माणसं आणि त्यांच्या सवयी त्याच राहिल्या. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला.

उत्साही_प्राणी
दर शुक्रवारी पहिले तीन आणि शेवटचे तीन जाहीर करा. आमच्याकडे जाम चुरस असते.

वाचनवेडी
शेवटच्या तिघांना विचारून बघा कधी. मायक्रोसॉफ्टने माणसांना एकमेकांशी तोलून क्रम लावायची पद्धत २०१३ मध्ये गुंडाळली.

दुसरी_बाजू
मी स्वतः हेड आहे, त्यामुळे शिव्या पडतील, पण लिहितो. नव्या जागी आलेल्या माणसाला वरून पहिला प्रश्न येतो, "काय सुधारलं?" त्याच्या हातात जो आकडा असतो तोच तो दाखवतो. त्यांच्यापुढे मानसिक सुरक्षितता वगैरे बोलू नका, तुम्ही टीमला पाठीशी घालताय असं वाटेल. शीटवर न आलेल्या चुका कुठेतरी बाहेर येतच असतील. तो आकडा आहे का?

त्रस्त_लीड
ऑडिटकडून परत येणाऱ्या फायली वाढल्यात. पण ऑडिट खातं वेगळं, त्यामुळे हेडच्या अहवालात ते दिसत नाही.

दुसरी_बाजू
मग झालं तर. दोन्ही आकडे महिनावार एका पानावर, शेजारी-शेजारी. शीटच्या ओळी घटल्या, परतीच्या वाढल्या. टीका नको, "ऑडिटने वर विचारायच्या आधी तुमच्या कानावर घालते" एवढंच म्हणा. आणि एकटे असताना. मीटिंगमध्ये काढलंत तर त्यांनी पोरांना उभं केलं तसं तुम्ही त्यांना उभं केल्यासारखं होईल. मग ते आयुष्यभर ऐकणार नाहीत.

जुना_खेळाडू
थेट वर मेल टाका. असली माणसं समजावून सुधारत नसतात.

दुसरी_बाजू
टाका की. मग चौथा राजीनामा ताईंचा.

बोका_बसलाय
पान दाखवल्यावर "मग काय करू?" असं त्यांनी विचारलं तर?

शॉपफ्लोअर
शीटवरून नावाचा रकाना काढायचा आणि पहिली ओळ हेडनी स्वतः टाकायची, स्वतःला पडलेली शंका. दुसरं काही मागू नका. वरच्याने एकदा सगळ्यांसमोर "मला हे कळलं नाही" म्हटलं की खालच्यांची भीड चेपते. मात्र वेळ लागतो. सोमवारपर्यंत वगैरे काही होत नसतं.

त्रस्त_लीड
नावाचा रकाना काढला तर नवीन पोरांना कोणाला विचारायचं ते कळणार नाही. उत्तर देणाऱ्याचं नाव ठेवते, शंका टाकणाऱ्याचं काढते. पान आज बनवते.

वाचनवेडी
हे मस्त. आणि तो तिसरा? त्याच्याशी कोणी बोललंय का?

त्रस्त_लीड
अजून नाही. उद्या बोलते, हेडकडे जायच्या आधी.

कागदपत्र_तज्ज्ञ
नोटीस पिरियडमध्ये शिल्लक रजा वजा होते का, यावर मी वेगळा धागा काढलाय, जरूर बघा.

बोका_बसलाय
इथे कोणी विचारलंय का ते?