[मंडळ-सभासद] तातडीचे: 12 मिमीचे रूळ कुणाकडे आहेत का?

प्रेषक: किल्ला समिती

मंडळी,
दिवाळीच्या किल्ल्याखालून फिरवायला नानांनी दिलेली ट्रायँग कंपनीची जुनी मॉडेल आगगाडी काल चालवून पाहिली. इंजिन पळतंय, डबे ठणठणीत आहेत. रूळ मात्र अर्धेच निघाले आणि त्यातले काही मधोमध तडकलेले. टीटी मापाची आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 12 मिमी. कृपया आपापल्या लॉफ्टमध्ये डोकावा. ऑनलाइन लिलावात एक जण वळणाच्या एका तुकड्याला चार पौंड मागतोय, टपाल वेगळं. हॉल दिवाळीच्या आधीच्या शनिवारी ताब्यात येतोय.

प्रेषक: तात्या

आमच्याकडे मुलांच्या वेळचे हॉर्नबीचे रूळ खोकंभर पडलेत. घेऊन जा, परत आणू नका.

प्रेषक: किल्ला समिती

तात्या, ते डबल-ओ या मोठ्या मापाचे असणार, 16.5 मिमी. आपली गाडी मधल्या फटीत पडेल.

प्रेषक: संयुक्त चिटणीस

हॉर्नबीची टीटीसुद्धा येते की हल्ली. भाच्याकडे आहे. सरळ नवे रूळ घ्या आणि विषय संपवा. मागच्या वर्षी कंदिलांवरून असाच महिना घालवला होता.

प्रेषक: नाना

विषय इतक्यात संपत नाही. हॉर्नबीने 2022 मध्ये आणली ती टीटी:120, म्हणजे 1:120 प्रमाणाची. माझी गाडी ट्रायँगच्या 1957 साली सुरू झालेल्या मालिकेतली, खऱ्या फुटाला 3 मिमी, म्हणजे 1:101.6. प्रमाण वेगळं, पण गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, दोन्हीकडे 12 मिमीच. तेव्हा गाडी बसेल. प्रश्न चाकाच्या कडेचा आहे, म्हणजे चाक घसरू नये म्हणून रुळाच्या आतून खाली उतरणाऱ्या काठाचा.

जुन्या चाकांची कड खोल आणि जाड. पेको कंपनीच्या टीटी:120 रुळाला कोड 55 म्हणतात, म्हणजे वर दिसणारा रूळ 0.055 इंच, जेमतेम 1.4 मिमी. परवा त्यावर एक डबा हाताने ढकलून पाहिला. रुळाला धरून ठेवणारे जे प्लास्टिकचे बारीक चिमटे असतात, त्यांवरून चाक टकटकत जातं आणि डबा थरथरतो. हॉर्नबीचा रूळ कोड 80, दोन मिमीच्या आसपास. साध्या रुळावर निभेल. सांधा, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवायचा फाटा, टाकलात की मात्र कपाळमोक्ष: जिथे रूळ रुळाला छेदतो तिथली खाच उथळ, जुन्या चाकाची कड तळाला टेकते, चाक उचललं जातं आणि इंजिन घसरतं.

म्हणून सांधा नकोच. नुसतं लंबवर्तुळ करा. त्यासाठी पेकोचा 12 मिमीचा लवचीक रूळ पुरतो. तो खरं तर एचओएम, म्हणजे 1:87 मधल्या मीटरगेजसाठी आहे, कोड 75. स्लीपरची ठेवण आपल्या गाडीला शोभणार नाही, पण त्या हळिवाच्या रानात स्लीपर पाहतंय कोण! एक तुकडा एक यार्डाचा, 914 मिमी. दुकानात एकच तुकडा घ्या, डबा ढकलून बघा, मग बाकीचे.

प्रेषक: माई

नाना, हळिवाचं बरं आठवलं. आम्ही रोज पाणी शिंपडतो. वीज खेळवलेल्या रुळांशेजारी मुलं ओल्या हाताने बसणार का? शिवाय महाराजांच्या किल्ल्याखालून आगगाडी कशासाठी, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रेषक: संयुक्त चिटणीस

माई, आमच्या वाड्यातल्या किल्ल्याखाली बोगदा असायचा आणि त्यातून चावीची गाडी निघायची. शेजारी प्लास्टिकचा वाघ आणि ट्रॅफिक पोलीसही उभा असे. महाराजांनी कधी हरकत घेतली नाही.

प्रेषक: माई

ट्रॅफिक पोलीस आमच्याकडेही होता. मी मुलांच्या ओल्या हातांचं विचारलं होतं.

प्रेषक: नाना

रुळांवर 12 व्होल्ट डीसी असतात, त्याने काही होत नाही. मेनचा ट्रान्सफॉर्मर मात्र टेबलाखाली, पाण्यापासून लांब आणि मोठ्या माणसाच्या ताब्यात. चिखलाचा त्रास माणसांपेक्षा गाडीला जास्त: रुळावर मातीचा पातळ थर बसला की चाकाला वीज मिळत नाही आणि गाडी जागच्या जागी आचके देते. रूळ प्लायच्या उंच पट्टीवर ठोका आणि शिंपडताना वरून वर्तमानपत्र टाका.

प्रेषक: तात्या

नानांनी मीटरगेज म्हटलं म्हणून सांगतो. आमची बार्शी लाईट रेल्वे नॅरोगेज, अडीच फुटी, 762 मिमी. 12 मिमीच्या रुळावर ती धावायची तर प्रमाण 1:63.5 येतं, म्हणजे मॉडेलवाल्यांचं एस स्केल (1:64) जवळजवळ बिनचूक! ती 1897 मध्ये सुरू करणारा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप इथलाच, इंग्लंडचा. स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे त्याचीच, तीही अडीच फुटीच. 1904 ला उघडली, 1934 ला बंद पडली, आता त्या वाटेवर लोक सायकली चालवतात. मंडळाच्या सहलीसाठी हे मी पूर्वीही सुचवलं होतं.

प्रेषक: सहल समिती

तात्या, सहलीच्या सूचना सहल समितीकडे पाठवाव्यात.

प्रेषक: खजिनदार

किती तुकडे लागणार, तेवढंच सांगा.

प्रेषक: किल्ला समिती

टोकाच्या वळणांची त्रिज्या फूटभर धरली तर चार तुकड्यांत, म्हणजे 3.66 मीटरमध्ये, फेरी होते. पण मग आतली रुंदी दोन फूटच उरते. त्यात राजगड बसवला तर त्याचं तुळशीवृंदावन होईल. म्हणून सहा घेऊन रूळ मागच्या बाजूने किल्ल्याच्या पोटातून न्यावेत असं वाटतं. बोगद्याला झाकण हवं, नाहीतर आत घसरलेला डबा काढायला तटबंदी फोडावी लागेल.

प्रेषक: नाना

सहा घ्या. वळण फुटापेक्षा आवळू नका, ओढून वाकवलं की दोन तुकड्यांच्या जोडाशी कोपरा पडतो. रूळ जोडायच्या पत्र्याच्या क्लिपाही त्याच मापाच्या घ्या, ट्रायँगच्या जुन्या क्लिपा बसत नाहीत. पुढे कधी जुने सांधे हवेच असतील तर या मापाच्या मॉडेलवाल्यांची 3 एमएम सोसायटी आहे, 1965 पासूनची. सभासद व्हावं लागतं, पण जुनं सामान तिथे जाणकारांच्या हातून येतं, लिलावातल्या चार पौंडवाल्याकडून नव्हे.

प्रेषक: खजिनदार

सहा तुकडे मंजूर. बिल मंडळाच्या नावाने घ्यावं. सोसायटीची वर्गणी मंडळ भरणार नाही.

प्रेषक: तात्या

बोगद्याच्या तोंडावर कॅल्थ्रॉपचा फोटो लावूया का? मी छापून आणतो.

प्रेषक: माई

नको. मावळ्यांनाच जागा पुरत नाहीये.