शब्दचर्चा: हिऱ्यांवर दरोडा की डल्ला?

प्रश्न: चौघे चोर मिळून हिरे पळवतात आणि मग प्रत्येक जण उरलेल्या तिघांना गंडवायला बघतो, अशा विनोदी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. ‘हाइस्ट’ला ‘दरोडा’ आणि ‘डबल-क्रॉस’ला ‘विश्वासघात’ चालेल का?

प्रतिसाद: ‘दरोडा’ नको. कायद्याच्या भाषेत दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी (भारतीय न्याय संहिता, कलम 310, जुन्या दंड संहितेत 391). चौघांनी पिस्तूल रोखून लुटलं तरी ती ‘जबरी चोरी’च. रात्री गुपचूप कुलूप तोडून नेलं तर ‘घरफोडी’, मग ते दुकान का असेना. बातम्यांमध्ये दोघांनी लुटलेल्या बँकेवरही ‘दरोडा’ पडतो, त्यामुळे प्रेक्षक अडखळणार नाही. पण पडद्यावर वकील किंवा पोलीस बोलत असेल तर खटकेल. शिवाय दरोडा म्हटलं की मारझोड आठवते. नकाशे, वेळा जुळवणं, पहारेकऱ्याला चकवणं हे त्यात येत नाही. विनोदी सुराला ‘डल्ला’ उत्तम. आखणीच्या प्रसंगात नुसतं ‘डाव’ पुरतं.

प्रतिसाद: चोरलेल्या वस्तूला कोण काय म्हणतं, हे त्याहून महत्त्वाचं. चोर म्हणतो ‘माल’. फिर्यादीत आणि बातमीत तोच ‘ऐवज’ होतो, आणि पोलिसांनी पंचनामा करून जप्त केला की ‘मुद्देमाल’. चोराच्या तोंडी ‘मुद्देमाल’ घातला तर लोक हसतील, पण भलत्याच जागी. ‘घबाड’ अनपेक्षित लाभाला राखून ठेवा: एकाने दडवलेली पिशवी दुसऱ्याच्या हाती लागते तिथे.

प्रतिसाद: ‘विश्वासघात’ कौटुंबिक नाटकातला वाटतो, आणि उपशीर्षकाच्या ओळीत जागाही खातो. ‘दगा’ आटोपशीर आहे. पण अशा चित्रपटात दगा एकाच जातीचा नसतो, म्हणून कृती बघून शब्द निवडा. साथीदाराचा ठावठिकाणा पोलिसांना गुपचूप कळवला तर ‘टीप दिली’. गुन्हा कबूल करून, माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष दिली तर ‘माफीचा साक्षीदार’. आपल्या बाजूचा म्हणून उभा केलेला साक्षीदार कोर्टात उलटला तर ‘फितूर’. आणि वाटणीआधीच माल हलवला तर ‘परस्पर लंपास केला’. इथे ‘परस्पर’ गाळू नका, सगळी लबाडी त्याच शब्दात आहे.

चोरालाच लुटणारा तो ‘चोरावर मोर’. मात्र तो पहिल्यापेक्षा बिलंदर असला पाहिजे. एकाच माळेचे मणी असतील तर ‘चोर चोर मावसभाऊ’, आणि तेही त्यांचं सूत जुळलेलं असेपर्यंतच. या मोरालाही कुणी फसवलं तर ‘शेरास सव्वाशेर’.

प्रतिसाद: नकली हिऱ्यांचा प्रसंग असेल तर ‘हलका माल’ जपून वापरा. आपण हलका म्हणतो ते प्रतीला, पण ‘अमेरिकन डायमंड’ नावाने मिळणारा झिरकोनियाचा खडा त्याच आकाराच्या खऱ्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड भरतो. पात्र हातात पिशवी तोलत असताना खाली ‘हलका’ उमटला तर अर्थ उलटाच होईल. तिथे सरळ ‘खोटे’ लिहा.

‘कॅरट’चंही तसंच. हिऱ्याचा कॅरट वजनाचा (1 कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम), सोन्याचा शुद्धतेचा. ‘24 कॅरटचा हार’ यातून नेमकं काय ते कळत नाही. ‘24 कॅरट वजनाचे हिरे’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.